लाइट आली की लेबलं वाढतात: क्यूटीत एकच स्लॉट अनेकदा का चालतो

आधी लक्षण सांगते. प्रोग्राम नुकताच सुरू केलाय तोवर सगळं व्यवस्थित. तासाभराने तेच काम दोनदा होतं, संध्याकाळपर्यंत चारदा. बंद करून पुन्हा सुरू केला की बरा, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तुमच्याकडे असं होत असेल आणि प्रोग्राम क्यूटीच्या (खिडक्या-बटणांचे प्रोग्राम लिहायची सी प्लस प्लसची लायब्ररी) सिग्नल-स्लॉटवर उभा असेल, म्हणजे काही घडलं की सिग्नल वाजतो आणि त्याला ‘कनेक्ट’ने जोडलेलं फंक्शन, म्हणजे स्लॉट, चालतं, तर बहुतेक वेळा दुखणं एकच असतं: कनेक्टची ओळ तुम्ही समजता त्यापेक्षा जास्त वेळा चालली आहे. हे शोधायला मला ऐन एप्रिलमधले आठ दिवस लागले. कुणाचा हंगाम असा जाऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

माझ्या मामाची देवगड तालुक्यात आंब्याची पॅकिंग शेड आहे. वाशीला जाणाऱ्या पेट्यांचा हिशेब वहीत चालतो आणि तो चोख असतो. पण कुरियरने थेट घरी जाणारे दोन डझनांचे खोके वाढले, तेव्हा त्यांच्यासाठी मी सी प्लस प्लस आणि क्यूटी ६ वापरून एक छोटा प्रोग्राम लिहिला. खोका काट्यावर ठेवायचा, वजन स्थिर झालं की लेबल छापून येतं आणि त्या प्रतीच्या साठ्यातून एक खोका वजा होतो. काटा यूएसबीने लॅपटॉपला जोडलेला. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहे. काट्याच्या आतली बॅटरी मात्र जुनी, त्यामुळे लाइट गेली की काटा बंद पडतो आणि प्रोग्राम चालूच राहतो. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे तोच कामाला येतो.

खोका एक आणि लेबलं तीन, यात कागद वाया जाण्यापलीकडे काय बिघडतं, असं वाटेल. बिघडतं. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि तेव्हापासून खोक्यावरचं लेबल म्हणजे त्या आंब्याचं घर सांगणारा कागद झाला आहे. देवगड हापूसच्या नावाखाली दुसरीकडचा आंबा विकला जातो हे इथल्या प्रत्येक बागायतदाराचं दुखणं आहे. शेडमध्ये दोन मोकळी लेबलं पडून राहिली, तर ती कुठल्या खोक्यावर जाऊन बसतील कोण सांगणार? मामा रोज रात्री जास्तीची लेबलं मोजून चुलीत घालत होता.

त्याने फोनवर मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “लाइट जाऊन परत इली, काय ह्यां डबल छापता.” मी “डबल छापता” एवढंच ऐकलं. वाक्याचा पहिला अर्धा भाग मी कानामागे टाकला, आणि उत्तर नेमकं तिथेच होतं.

माझा पहिला संशय काट्यावर गेला. बरेच काटे वजन सारखं पाठवत राहतात, एकदाच पाठवत नाहीत. मला वाटलं तेच वजन दोनदा येतंय. म्हणून लेबल छापणाऱ्या स्लॉटमध्ये एक अट घातली: दहा सेकंदांच्या आत तेच वजन पुन्हा आलं तर सोडून द्या. लेबलं थांबली. दोन दिवसांनी मामाच्या लक्षात आलं की साठा कागदावर भराभर संपतोय आणि शेडमध्ये खोके तसेच आहेत. त्याच सिग्नलला साठा वजा करणारा दुसरा स्लॉट जोडलेला होता आणि त्याला माझी अट लागू नव्हती. शिवाय एकाच प्रतीचे दोन खोके लागोपाठ ठेवले आणि वजन तंतोतंत जुळलं, तर दुसऱ्याचं लेबल येईना. ही दहा सेकंदांची पट्टी बरेच जण सुचवतात. मनापासून सांगते, ती लावू नका. दुखणं आत तसंच राहतं आणि वर दिसणारं लक्षण तेवढं पुसलं जातं, मग शोधायला काही उरत नाही.

सुगावा लागला तो लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्राम चालताना लिहीत जातो त्या नोंदींत. काट्याकडून माहिती वाचणारा माझा स्लॉट क्यूसिरियलपोर्टच्या (काट्यासारख्या यंत्राशी बोलणारा क्यूटीचा ऑब्जेक्ट) रेडीरीड, म्हणजे ‘वाचायला काही आलंय’, या सिग्नलला जोडलेला आहे. त्यात प्रत्येक वेळी किती बाइट आले ते छापायला लावलं. सकाळी सगळं ठीक: एक वाचन, एक ओळ. दुपारनंतर प्रत्येक खऱ्या वाचनामागून शून्य बाइटच्या दोन ओळी येऊ लागल्या. काही न वाचता स्लॉट कशाला चालेल? एकाच सिग्नलवर तोच स्लॉट तीनदा चालत होता म्हणून. पहिल्या फेरीत सगळे बाइट उचलले जात आणि पुढच्या दोन फेऱ्यांना बफर रिकामा मिळे. म्हणजे रेडीरीडची जोडणी तिप्पट झाली होती तरी बाहेर काहीच दिसत नव्हतं. माझा स्वतःचा ‘वजन स्थिर झालं’ हा सिग्नल मात्र आकडा बरोबर घेऊन जातो, त्यामुळे तिन्ही फेऱ्यांना पूर्ण वजन मिळे आणि, माझी अट नसताना, तीन लेबलं बाहेर पडत. त्या दिवशी लाइट किती वेळा गेली, असं मामाला विचारलं. दोनदा. मग मागच्या दिवसांचे लॉग काढून बसले. लाइट जितक्या वेळा गेली, त्यात एक मिळवला की स्लॉटच्या फेऱ्या. एकाही दिवशी हिशेब चुकला नाही.

आता हे का होतं ते बघू. सिग्नल म्हणजे आतून एक यादी असते: मी वाजलो की कोणाकोणाला हाक मारायची. कनेक्ट या यादीच्या शेवटी एक नाव लिहितं. तेच नाव आधीपासून आहे का, हे ते बघत नाही. दोनदा कनेक्ट केलं की नाव दोनदा, आणि सिग्नल वाजला की दोन हाका, जोडल्या त्याच क्रमाने. यात क्यूटीची चूक काही नाही, कागदपत्रांत हे स्पष्ट लिहिलेलं आहे. आपली समजूत मात्र अशी असते की कनेक्ट म्हणजे व्हेरिएबलला किंमत देण्यासारखं, नवं आलं की जुनं गेलं. प्रत्यक्षात ते वहीत भर घालण्यासारखं आहे. जुनी नोंद कोणीतरी खोडल्याशिवाय जात नाही.

साध्या जोडणीत नाव आपोआप खोडलं जातं ते दोनच वेळी: पाठवणारा ऑब्जेक्ट नष्ट झाला किंवा घेणारा नष्ट झाला तर. माझी फसगत इथेच झाली. लाइट गेली की काटा यूएसबीवरून नाहीसा होतो, क्यूसिरियलपोर्ट रिसोर्सएरर ही चूक कळवतो, मी पोर्ट क्लोज करते आणि दर पाच सेकंदांनी पुन्हा ओपन करून बघते. लाइट आली की ओपन जमतं. पण क्लोज केल्याने पोर्टचा ऑब्जेक्ट मरत नाही. तो तोच, त्याची यादी तीच. आणि माझं ‘काटा जोडा’ हे फंक्शन असं होतं (धिस म्हणजे ज्याचं हे फंक्शन आहे तो ऑब्जेक्ट स्वतः):

काटाजोडा()
    जर पोर्ट.ओपन() जमलं नाही, तर परत
    कनेक्ट(पोर्ट, रेडीरीड, धिस, वाचा)
    कनेक्ट(धिस, वजनस्थिर, नोंद, लेबलछापा)
    कनेक्ट(धिस, वजनस्थिर, नोंद, साठावजा)

यंत्र जोडणं आणि सिग्नल जोडणं ही दोन वेगळी कामं मी एकाच फंक्शनमध्ये कोंबली होती, बहुधा दोन्हींना आपण ‘जोडणं’च म्हणतो म्हणून. यंत्र दिवसातून दहा वेळा तुटेल आणि जुळेल. सिग्नल मात्र ऑब्जेक्टच्या जन्मात एकदाच जोडायचा असतो.

इलाज तीन ओळी हलवण्याचा. तिन्ही कनेक्ट कन्स्ट्रक्टरमध्ये, म्हणजे ऑब्जेक्ट तयार होताना एकदाच चालणाऱ्या फंक्शनमध्ये, नेले. पोर्टचा ऑब्जेक्ट तिथेच तयार होतो, ओपन नंतर कधीही होवो. दहा सेकंदांची अट काढून टाकली. मग शेडमध्ये जाऊन काट्याची पिन पाच वेळा काढली, घातली आणि एक खोका ठेवला. एक लेबल आलं, साठा एकाने कमी झाला. मामाने लगेच दुसरा खोका ठेवला, तिसरा ठेवला, आणि मग चहा मागवला.

हे वाचून कोणी म्हणेल, ओळी हलवायच्या कशाला? कनेक्टला शेवटी क्यूटी::युनिककनेक्शन द्या, दुसऱ्यांदा जोडणीच होणार नाही. बरोबर आहे, त्यासाठीच ते आहे. जोडणी आधीपासून असेल तर कनेक्ट नवी करत नाही आणि अवैध कनेक्शन परत देतं. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा. हे फक्त क्लासच्या मेंबर फंक्शनला चालतं. लॅम्ब्डा (जागच्या जागी लिहिलेलं बिननावाचं फंक्शन), साधी फंक्शन्स, फंक्टर (फंक्शनसारखे बोलावता येणारे ऑब्जेक्ट) यांना युनिककनेक्शन लागू होत नाही, कारण दोन लॅम्ब्डा ‘तेच’ आहेत हे ठरवायला काही साधन नाही. आणि आजकालचा बराचसा कोड लॅम्ब्डांनीच भरलेला असतो. दुसरं म्हणजे माझं मत: युनिककनेक्शन हा पट्ट्यावरचा दुसरा पट्टा म्हणून ठीक. कनेक्टची ओळ कुठे आणि किती वेळा चालते हे ठाऊक नसताना तो लावणं म्हणजे आधीच्या दहा सेकंदांसारखंच.

जोडणी मधेच खरोखर तोडावी लागत असेल (उदाहरणार्थ, एका वेळी दोन काट्यांपैकी एकच ऐकायचा आहे), तर डिसकनेक्ट आहे. तीच जोडणी चार वेळा झाली असली तरी त्या चौघींना मिळून एक डिसकनेक्ट पुरतो. लॅम्ब्डा असेल तर कनेक्टने परत दिलेलं कनेक्शन जपून ठेवा आणि तेच डिसकनेक्टला द्या, नेमका तोच लॅम्ब्डा तोडायचा हा मार्ग. लॅम्ब्डा जोडताना तिसऱ्या जागी कॉन्टेक्स्ट ऑब्जेक्ट द्यायलाही विसरू नका. तो दिला की तो ऑब्जेक्ट गेल्यावर जोडणीही जाते. नाही दिला, आणि लॅम्ब्डाने धिस पकडलेलं असेल, तर ऑब्जेक्ट गेल्यावरही हाक मारली जाईल आणि प्रोग्राम कोसळू शकतो.

तुमचं दुखणं माझ्यासारखंच आहे की वेगळं, हे अंदाजाने ठरवू नका. मी आता आधी एक साक्षीदार बसवते. प्रोग्राम सुरू होतो तिथे, जे एकदाच चालणार याची खात्री आहे अशा जागी, संशयित सिग्नलला एक छोटा लॅम्ब्डा जोडायचा. त्याने फक्त मोजायचं. मग एक कृती करून बघायची. साक्षीदार एक म्हणतो आणि स्लॉट तीनदा चालतो, तर जोडण्या वाढल्या आहेत. साक्षीदारही तीन म्हणतो, तर सिग्नलच तीनदा वाजतोय आणि कनेक्ट निर्दोष आहे. एवढ्या एका आकड्याने अर्धं रान मोकळं होतं. सोबत स्लॉटमध्ये धिसचा पत्ता छापा. तिन्ही फेऱ्यांना पत्ता तोच असेल तर एकाच घेणाऱ्याला अनेक जोडण्या. पत्ते वेगळे असतील तर घेणारेच अनेक जिवंत आहेत. डंपऑब्जेक्टइन्फो हे फंक्शन पाठवणाऱ्यावर चालवलं तर त्याच्या जोडण्या डीबग आउटपुटमध्ये दिसतात, तेही बघून घ्या.

पत्ते वेगळे निघाले तर खिडक्यांकडे बघा. क्यूटीत खिडकी बंद करणं म्हणजे ती लपवणं. ती नष्ट होत नाही. डब्ल्यूए_डिलीटऑनक्लोज (बंद होताच नष्ट कर, अशी खूण) लावलं नसेल, आणि बटण दाबल्यावर दर वेळी न्यू करून मुख्य खिडकी तिची पालक म्हणून दिली असेल, तर दिवसभरात उघडलेल्या सगळ्या खिडक्या पडद्याआड बसून ऐकत असतात. आमच्याकडे ‘ग्राहकाचा पत्ता’ या खिडकीत हेच निघालं, फक्त तोवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तिथे एकच खिडकी ठेवली आणि तीच पुन्हा पुन्हा दाखवली.

प्रोग्राम सुरू झाल्यापासूनच नेमकं दोनदा होत असेल, वाढत नसेल, तर फॉर्म तपासा. डिझायनरमधून (क्यूटीचं खिडक्या आखायचं साधन) आलेला फॉर्म सेटअपयूआयच्या, म्हणजे खिडकी उभी करणाऱ्या फंक्शनच्या, वेळी नावावरून स्वतःच जोडण्या करतो. स्लॉटचं नाव ‘ऑन’, मग बटणाचं नाव, मग सिग्नलचं नाव, असं अंडरस्कोरने जोडलेलं असेल तर तो आपोआप जोडला जातो. वर तुम्ही हाताने कनेक्ट लिहिलंत की झाले दोन. मी तर स्लॉटना तशी नावंच देत नाही. ‘लेबलछापा’ हे नाव काय होणार ते सांगतं आणि आपोआप कशालाही चिकटत नाही.

आणि सिग्नलच जास्त वेळा वाजत असेल, तर तो चुकीचा निवडला गेला असण्याची शक्यता मोठी. रेडिओ बटणांच्या (अनेकांतून एकच निवडायची बटणं) टॉगल्ड या सिग्नलला एकच स्लॉट जोडला, की प्रत बदलताना जुनं बटण सुटतं म्हणून एकदा आणि नवं दाबलं जातं म्हणून एकदा, असा तो दोनदा चालतो. क्यूलाइनएडिटचा (एका ओळीचा मजकूर भरायची चौकट) टेक्स्टचेंज्ड प्रोग्रामने मजकूर भरला तरी वाजतो. माणसाने टाइप केलेलंच हवं असेल तर टेक्स्टएडिटेड घ्या. एडिटिंगफिनिश्ड एंटर दाबल्यावर वाजतो आणि फोकस गेल्यावरही वाजू शकतो. त्याच्या स्लॉटमध्ये तुम्ही ‘वजन चुकीचं आहे’ अशी सूचना उघडलीत तर फोकस जातो आणि क्यूटीच्या जुन्या आवृत्त्यांत तो पुन्हा वाजू शकतो.

थ्रेडबद्दल (प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या वेगवेगळ्या कामांच्या धारा) थोडंच सांगते, कारण त्यात लक्षण उलटं असतं: स्लॉट चालतच नाही. सिग्नल ज्या थ्रेडमध्ये वाजला, घेणारा त्यात राहत नसेल, तर क्यूटी हाक रांगेत ठेवतं. ती रांग उपसायला घेणाऱ्याच्या थ्रेडमध्ये इव्हेंट लूप, म्हणजे आलेल्या घटना एकेक करून हाताळणारी फेरी, फिरत असावा लागतो. थ्रेडच्या रन फंक्शनमध्ये स्वतःचा न संपणारा व्हाइल लूप लिहिलात तर रांग तशीच पडून राहते. स्वतः बनवलेला डेटाचा प्रकार रांगेतून पाठवायचा असेल आणि जुन्या धाटणीचा कोड असेल, तर क्यूरजिस्टरमेटाटाइप (त्या प्रकाराची क्यूटीकडे नोंद करणारं फंक्शन) लागू शकतं. लागत असून दिलं नसेल तर कन्सोलवर तशी ताकीद येते. जुनी धाटणी म्हणजे सिग्नल आणि स्लॉट ही नावं मॅक्रोत, मजकूर म्हणून लिहिण्याची. तिच्यात स्पेलिंग चुकलं तरी प्रोग्राम कंपाइल होतो आणि फक्त चालताना तक्रार करतो. क्यूटी ५ पासून, म्हणजे २०१२ पासून, फंक्शन पॉइंटर देऊन कनेक्ट लिहिता येतं आणि चूक कंपाइल होतानाच पकडली जाते. अजून मॅक्रो वापरत असाल तर एक रविवार काढून ते बदला.

पायथनकडे हीच कल्पना वेगळ्या स्वभावाने येते, आणि तिथे मला दोन्ही टोकांचा त्रास झाला. ब्लिंकर ही लायब्ररी (वेबसाइट बनवायच्या फ्लास्क या फ्रेमवर्कचे सिग्नल तिच्यावरच चालतात) घेणाऱ्या फंक्शनला घट्ट धरून ठेवत नाही. कनेक्टच्या ‘वीक’ (सैल पकड) या पर्यायाची मुळातली किंमत ट्रू असते. त्यामुळे कनेक्टला थेट लॅम्ब्डा किंवा फंक्शनच्या आत तयार केलेलं फंक्शन दिलं, आणि त्याला दुसरीकडे कोणी धरलेलं नसेल, तर ते लगेच कचऱ्यात जातं आणि सिग्नल कितीही वाजवला तरी चिडीचूप. चूक दाखवणारी एक ओळही येत नाही. फंक्शन मॉड्यूलच्या पातळीवर लिहा, किंवा वीक फॉल्स द्या, आणि फॉल्स दिलंत तर तोडण्याची जबाबदारी तुमची.

जँगोतही (पायथनचं आणखी एक वेब फ्रेमवर्क) वीक ट्रूच असतं. पण तिथे जास्त वेळा दिसतं ते पहिलं दुखणं: जोडणारं मॉड्यूल दोन वेगळ्या मार्गांनी इम्पोर्ट झालं की रिसीव्हर, म्हणजे हाक घेणारं फंक्शन, दोनदा नोंदला जातो, आणि एका ऑर्डरला ग्राहकाला दोन ईमेल जातात. त्यासाठी कनेक्टला डिस्पॅच_युआयडी द्यायचा, एक ठरावीक नाव. त्या नावाची नोंद आधीच असेल तर दुसरी होत नाही. आमच्या ऑर्डरच्या पानावर मी तो दिला आहे, आणि जोडणी ॲप सुरू होताना चालणाऱ्या रेडी मेथडमध्ये ठेवली आहे. जोडणारी ओळ जिथे आहे तिथेच एक लॉगची ओळही कायमची ठेवली आहे, वेळेसकट. काही वाढल्याची शंका आली की आधी ती किती वेळा छापली गेली ते मोजते, आणि मग मामाला लाइटचं विचारते.